सीलबंद लाल नूडल्स

हॉटेलात जे जे मिळतं ते ते मी घरी करू शकतो, आणि तेही निम्म्या खर्चात! ही बढाई नाही. ज्याला शंका असेल त्याने आधी माझा धंदा काय आहे ते ऐकून घ्यावं.

मी रंगाच्या कारखान्यात रंग जुळवतो. गिऱ्हाईक येतं, खिशातून पडद्याची चिंधी नाहीतर जुन्या दाराची ढलपी काढतं आणि म्हणतं, भिंत अश्शी हवी. मी ती चिंधी खिडकीशी नेतो, रंगपट्टी शेजारी धरतो, चार डब्यांतले चार थेंब एकत्र करतो आणि दुपारच्या चहाच्या आत तोच रंग हजर करतो. एका बाईंना तर त्यांच्या मांजराच्या रंगाचं कपाट करून दिलंय. मांजर कपाटापुढे बसलं की दिसत नाही, अशी त्यांची नंतर तक्रार आली. आता ज्याला मांजर जुळवता येतं त्याला नूडल्स जुळवायला काय अवघड आहे?

विषय नूडल्सवर आला तो ठकीच्या सहलीमुळे. ठकी म्हणजे आमची मुलगी. तिच्या शाळेची सहल समुद्रावर जाणार होती, आणि ठकीने अजून समुद्र पाहिलेला नव्हता. फी बऱ्यापैकी होती. मी आणि बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतो तर ठकी दारात येऊन म्हणाली, "मला नाही जायचं सहलीला. समुद्रात नुसतं पाणी तर असतं." आणि गेली. मला फार वाईट वाटलं. एवढ्याशा पोरीने आपल्यासाठी खोटं बोलावं हे बापाला सहन होत नाही. मी तिच्या मागोमाग जाऊन सांगून टाकलं, तू जाणार, हा माझा शब्द. दुसऱ्या दिवशी तिने तो सगळ्या वर्गाला सांगितला.

शब्द देऊन झाल्यावर पैसे कुठून आणायचे याचा विचार सुरू केला. आमच्या घरात पैसे एकाच भोकातून गळत होते, ते म्हणजे शनिवारचं पार्सल. कोपऱ्यावर दारात लाल छत्री लावलेलं एक हॉटेल आहे. दर शनिवारी संध्याकाळी तिथून लाल नूडल्स आणि कुरकुरीत चिकन यायचं, आणि ते यायचं मुख्यतः आप्पांसाठी.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. माणूस लाखातला, पण आयुष्यभर गोदामात आलेला माल तपासून आत घ्यायचं काम केलेलं. गाडी आली की सील बघायचं, गाठ बघायची, शाबूत असेल तर सही ठोकायची. त्यामुळे बांधलेल्या वस्तूवर त्यांचा जेवढा विश्वास तेवढा उघड्या वस्तूवर नाही. पाटीतली फळं ते नाकाने हुंगतात आणि पाकिटातली डोळे मिटून खातात.

मी घरात जाहीर करून टाकलं की येत्या शनिवारी लाल नूडल्स मी करणार. हॉटेलसारख्या झाल्या तर सहल होईपर्यंत पार्सल बंद. आप्पा म्हणाले, "करा की जावईबापू. हरकत नाही. पण ती चव घरी यायची नाही."

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. आदल्या शनिवारच्या पार्सलातल्या चमचाभर नूडल्स काढून ठेवल्या होत्या, त्या सकाळच्या उजेडात रंगपट्टीला लावल्या. विटकरीच्या अलीकडे आणि शेंदरीच्या पलीकडे, आमच्या पट्टीत त्या रंगाला 'तांबूस सांज' म्हणतात. हॉटेलवाले रंगाची पूड टाकत असणार हे उघड होतं, पण ठकीच्या पोटात मी ती घालणार नव्हतो. मग बीट भाजून वाटलं. फार जांभळं झालं. त्याला मारायला लाल भोपळा उकडून घातला. मग जरा फिकट झालं, म्हणून लसूण करपेपर्यंत तळून घातला. असं करत करत तांबूस सांज जुळली. चवीकडे माझं लक्ष नव्हतं हे कबूल करतो, पण चाखून बघितलं तर मीच चकित झालो. हॉटेलपेक्षा सरस! चिकनला मक्याच्या पोह्यांचा चुरा लावला, तेही झकास कुरकुरलं.

संध्याकाळी पानं वाढली. सगळे मन लावून जेवले. मी वाट बघत होतो. शेवटी आप्पांनी तोंड पुसलं आणि म्हणाले की छान आहे, घरच्या मानाने फारच छान आहे, पण हॉटेलची मजा नाही. बायकोनेही मान डोलावली. पुढच्या शनिवारी पार्सल आणायचं ठरलं.

मी चिडून ताटं आवरायला घेतली आणि उरलेल्या नूडल्स ठेवायला डबा हवा म्हणून ओट्यावरचं कपाट उघडलं. आता, आमची बायको हॉटेलचा डबा कधी टाकत नाही. धुते, पुसते, एकात एक घालते आणि त्या कपाटात कोंबते. दार उघडल्याबरोबर इतक्या वर्षांचे सगळे डबे माझ्या डोक्यावर कोसळले. पाठोपाठ घडी केलेल्या पिशव्या आल्या, छत्री छापलेल्या. त्यावर सॉसच्या न फोडलेल्या पुड्यांचा सडा पडला. त्या ढिगाऱ्यात उभं असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आप्पांना नूडल्स नको होत्या, त्यांना गाठ हवी होती.

पुढच्या शनिवारी बायको औषधांच्या दुकानात कामावर, ठकी खेळायला आणि आप्पा त्यांच्या मित्रांबरोबर बागेत. शनिवारी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी असते, म्हणून मी दुपारीच घरी आलो होतो. केल्या नूडल्स, तळलं चिकन, भरले डबे, घातले पिशवीत, वर चार पुड्या टाकल्या आणि हॉटेलवाले मारतात तशी दुहेरी गाठ मारली. खिडक्या उघडून पंखा लावला. मग सगळे आल्यावर मी हॉटेलला जाऊन येतो म्हणून बाहेर पडलो, जिन्याखाली लपवलेली पिशवी उचलली, थोडा वेळ रस्त्यावर हिंडलो आणि घाम पुसत परत आलो.

आप्पांनी गाठ तपासली. समाधानाने सोडली. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा," ते म्हणाले, "याला म्हणतात चव! आज तर कमाल केलीय त्यांनी." डबा बोटाने पुसून खाल्ला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

खरं म्हणजे त्याच वेळी खरं सांगायचं, सगळ्यांनी हसायचं आणि विषय संपवायचा, असा माझा बेत होता. पण बायकोने पार्सलासाठी दिलेले पैसे खिशात होते. सामानाचे वजा जाता बरेच उरले होते. ते मी ठकीच्या रंगांच्या जुन्या डब्यात टाकले आणि ठरवलं, एकदा फी भरू, मग सांगू. अशा गोष्टींना घाई करू नये.

शनिवारमागून शनिवार जाऊ लागले. डबा भरत आला. आणखी एक शनिवार निघाला की फी पुरी होणार होती आणि सोमवार हा ती भरायचा शेवटचा दिवस होता. सगळं कसं पट्टीला लावल्यासारखं जुळत होतं! आणि इथेच आप्पांना माणुसकीचा झटका आला.

एवढं सुख एकट्याने भोगणं त्यांना पटेना. बागेतल्या दोन मित्रांना घेऊन ते थेट हॉटेलात जाऊन बसले. एक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि दुसरे टायरांचं दुकान मुलाकडे सोपवून मोकळे झालेले टायरवाले काका. तिघांनी लाल नूडल्स मागवल्या, आणि आल्या त्या अर्थातच हॉटेलच्या. आप्पा घरी आले ते लालबुंद होऊन. म्हणाले की समोर बसून खाणाऱ्याला हलका माल देतात आणि पार्सलमध्ये चोख देतात, असला उलटा कारभार गोदामात सुद्धा पाहिला नाही. त्यांनी मालकाला बोलावून सुनावलं होतं की आमच्या घरी पाठवता त्याच नूडल्स आण. मालक म्हणाला होता की तुमच्या घरी मी कित्येक दिवसांत काही पाठवलंच नाही. आप्पा म्हणाले होते की माझ्या घरात तुझ्या छत्रीच्या पिशव्या पडल्यात.

यावर मालक पांढरा पडला. त्याची अशी समजूत झाली की गावात कुणीतरी त्याच्या नावाने, त्याच्या डब्यांत भरून, त्याच्यापेक्षा चांगला माल विकतोय! त्याने त्याच दिवसापासून प्रत्येक डब्यावर लाल चिकटपट्टी मारायला सुरुवात केली. आणि आप्पांनी त्याला शनिवारी संध्याकाळी घरी यायचं आमंत्रण दिलं. मास्तर आणि टायरवाले काका साक्षीला. पार्सल येईल, मालकाच्या डोळ्यांदेखत सील फोडलं जाईल आणि खरं-खोटं होऊन जाईल.

"जावईबापू, तुम्ही नेहमीसारखं पार्सल घेऊन या," आप्पा म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

माझं धाबं दणाणलं. पण म्हटलं, डगमगायचं काही कारण नाही. खरंखुरं पार्सल आणावं तर डब्यातले पैसे जाणार, ठकीची सहल बुडणार, आणि वर चवीवरून आप्पांना कळणार ते वेगळंच. तेव्हा नूडल्स माझ्याच. प्रश्न दोनच होते. आप्पा बागेत न जाता सकाळपासून दिवाणखाना लावत बसणार होते, म्हणजे घरात चूल पेटवता येणार नव्हती. आणि लाल पट्टी हवी होती.

दोन्हींचं उत्तर कारखान्यात होतं. आमच्या प्रयोगशाळेत नमुने तापवायची शेगडी आहे. शनिवारी दुपारनंतर तिथे चिटपाखरू नसतं. घरून कढई, झारा, डबे सगळं पिशवीत भरून नेलं, शेगडी घासून लख्ख केली आणि कामाला लागलो. खिडकीतून छान उजेड येत होता. तांबूस सांज पहिल्या झटक्यात जुळली. सात जणांचं जेवण झालं.

राहिली पट्टी. सकाळी कामावर जाताना हॉटेलच्या काउंटरवर ती लांबून बघून ठेवली होती. भडक लाल, किंचित किरमिजीकडे झुकणारी. आमच्याकडे रंगाचे डबे भरून बंद करतात त्या विभागात चिकटपट्ट्यांची रिळं टांगलेली असतात. मी एकेक उजेडात धरून पाहिलं आणि तिसऱ्याला रंग तंतोतंत जुळला. माझ्या नजरेची मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. प्रत्येक डब्यावर आडवी-उभी पट्टी मारली, पिशवीला दुहेरी गाठ मारली आणि निघालो.

घरी पोचलो तर दिवाणखान्यात पंचनाम्याची तयारी. मधे टेबल, टेबलावर पांढरी चादर, आप्पांच्या हातात कात्री. एका बाजूला मास्तर आणि टायरवाले काका, दुसऱ्या बाजूला हॉटेलचा मालक. मालक बारीकसा माणूस होता आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. बायको दाराला टेकून उभी. ठकी तिच्यामागून बघत होती. तिला अजून कळलं नव्हतं की सहलीचे पैसे कुठून येताहेत, पण बाबा दारातून आले की ती आजकाल फार आशेने बघायची. मी पिशवी टेबलावर ठेवली.

आप्पांनी गाठ सगळ्यांना दाखवली. सोडली. डबे रांगेत मांडले. मालकाने मान पुढे काढली आणि म्हणाला की डबा आमचाच दिसतो, पट्टीही लालच आहे, पण आमच्या पट्टीवर छत्री असते.

"यावर काहीतरी अक्षरं आहेत," मास्तर म्हणाले.

अक्षरं? खरं सांगतो, पट्टीवर काही छापलेलं आहे इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी रंग बघतो, अक्षरं वाचायला कारखान्यात वेगळा माणूस आहे.

आप्पांनी सील वाचण्यात उभी हयात घालवलेली. त्यांनी चष्मा चढवला, डबा दिव्याखाली धरला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

"ज्वलनशील. पोटात घेऊ नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे. वापरण्यापूर्वी चांगले ढवळावे."

मग मालक उठून उभा राहिला आणि हे आपलं नाही, आपलं नाही, असं म्हणत दाराकडे सरकू लागला. बायकोने ठकीला मागे ओढलं. आप्पांनी डबा हातभर लांब धरला. आणि तेवढ्यात कुठूनतरी सुर्र असा आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. वाचन चालू असताना टायरवाल्या काकांनी शेवटचा डबा जवळ ओढून, पट्टीसकट झाकण उपटून, अर्ध्या नूडल्स संपवल्या होत्या. मास्तर त्यांच्या पाठीवर हात ठेवून घाबऱ्या घाबऱ्या विचारू लागले, काय होतंय, कुठे जळजळतंय का? काकांनी तोंडातला घास गिळला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "अजून आहे का?"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. टायरवाल्या काकांना दवाखान्यात नेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. मी पुढे झालो आणि सगळं सांगून टाकलं. बीट, भोपळा, कपाटातले डबे, जिन्याखालची पिशवी, कारखान्याची शेगडी. आणि शेवटी पैसे कुठे गेले तेही सांगितलं, कारण ठकी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिचा रंगांचा डबा आणून टेबलावर ठेवला.

ठकी आली आणि माझ्या कमरेला घट्ट मिठी मारून उभी राहिली. माझे डोळे भरून आले आणि मी ते खुशाल भरू दिले.

आप्पांनी डब्यातल्या नोटांकडे पाहिलं. मग कात्री खाली ठेवून म्हणाले की सोमवारी फी भरून टाका, आणि पोरीला समुद्रावर पाठवा. पुढे घसा साफ करून म्हणाले, "तरीच! पहिल्या शनिवारपासून मला वाटत होतं, काहीतरी कमी आहे."

बोटाने डबा पुसून खाणारा माणूस हे बोलतो! मी बायकोकडे पाहिलं. निदान तिने तरी थक्क व्हावं ना? ती शांतपणे म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या दिवशीच्या एका डब्याच्या कोपऱ्याला चीर आहे, ती माझ्याच हातून पडलीय. आता माझे डबे धुऊन जागच्या जागी ठेवा."

एकच माणूस कौतुकाने माझ्याकडे बघत होता, तो म्हणजे हॉटेलचा मालक. आपल्या नावाचा चोर सापडण्याऐवजी एक जावई सापडला म्हणून तो अगदी हलका झाला होता. त्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मला बाजूला घेऊन अदबीने विचारलं की साहेब, हा रंग पुडीशिवाय कसा आणलात? इतके दिवस गुपित पोटात ठेवून मला अपचन झालं होतं. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. बीट उकडायचं नाही, भाजायचं. भोपळा किती, लसूण कुठपर्यंत करपवायचा. एक रंगपट्टीसुद्धा भेट दिली, तांबूस सांजेवर खूण करून. निघताना त्याने विचारलं, "एक डबा नमुन्याला नेऊ का?"

"न्या की," मी म्हणालो. कलेची कदर करणारी माणसं हल्ली भेटतात कुठे?

ठकी समुद्रावर गेली. जाताना बसच्या खिडकीतून हात हलवत होती तो मला बस वळेपर्यंत दिसत होता. शब्द पाळला की माणूस कसा ताठ चालतो! मी तसाच चालत घरी आलो.

तो शनिवार होता आणि आप्पांचा हुकूम होता की आता खरं पार्सल. मी हॉटेलात गेलो. मालक पैसे मोजत होता, त्याने उठून नमस्कार केला. फळ्यावर नवीन रंगीत खडूने लिहिलं होतं, 'खास लाल नूडल्स'. जुन्यापेक्षा दीडपट भाव. आप्पांचा हट्ट म्हणून तेच घेतलं आणि पदरचे पैसे मोजले.

घरी आप्पांनी छत्रीची लाल पट्टी तपासली, अक्षरं दोनदा वाचली आणि सील फोडलं. मी एक घास घेतला. भाजलेलं बीट. लाल भोपळा. करपेपर्यंत तळलेला लसूण. मी उठून खिशातली रंगपट्टी काढली आणि डब्याशेजारी धरली. तांबूस सांज, तंतोतंत.

"बघा जावईबापू," आप्पा डोळे मिटून म्हणाले, "ही हॉटेलची चव. घरी काही केल्या यायची नाही."

जेवण झाल्यावर तो डबा तेवढा मी स्वतः धुतला, पुसला आणि कपाटात ठेवला. ठकीची शाळा पुढच्या वर्षी डोंगरावर जाणार आहे म्हणतात.